मास्टरांचं एकट्याचं जेवण

दादाची पँट मास्टरांनी पहिल्यांदा आत घेतली तेव्हा दोघांनाही बरंच वाटलं होतं.

"अर्धा इंच घे रे छोट्या," असं म्हणत दादाने ती कापायच्या टेबलावर टाकली. "पट्ट्याचं शेवटचं भोकसुद्धा पुरेना झालंय."

दादा म्हणजे मास्टरांचा थोरला भाऊ. तीस वर्षं शहराची बस चालवून त्याचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं. ते आता आपसूक ओसरायला लागलं, यात वाईट काय? मास्टरांनी मागची मधली शिलाई उसवली, खडूने खूण केली, अर्धा इंच आत घेऊन टीप मारली आणि जास्तीचं कापड तसंच आत राहू दिलं. कापड कापून टाकायचं नाही हा त्यांचा शिरस्ता. माणसं आटतात, पुन्हा सुटतात. कापड जागेवर असलं की काम भागतं.

मास्टर दुरुस्तीचे शिंपी. नवे कपडे शिवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. आता चेन बदल, बाही आखूड कर, पडद्याची किनार मार, असली कामं. एका बाजूला चावीवाला आणि दुसऱ्या बाजूला जिना, यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मागे एक खोली. खोलीत खाट, गॅस, टेबल, दोन खुर्च्या, आणि शेजारच्या इमारतीच्या पाइपांचं दर्शन घडवणारी एक खिडकी. दोनदा लग्न ठरता ठरता मोडलं आणि तिसऱ्यांदा मास्टरांनीच मनावर घेतलं नाही. आई होती तोवर घरात काहीतरी शिजायचं. ती गेल्यावर मास्टर मशीनवर बसूनच जेवायला लागले. पांढरा पाव, त्यात डब्यातल्या खारवलेल्या मांसाचा काप, वर चहा, चहाबरोबर बिस्किटं. एका हाताने खाता येतं आणि दुसऱ्या हाताने धागा ओवता येतो.

रविवारी दुपारी मात्र दादा यायचा. वहिनी जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्याची एकुलती एक मुलगी, ठमी, दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. तेव्हा दादालाही दुसरं घर नव्हतं. येताना तो कागदात गुंडाळलेली तळलेली सॉसेज, मांसाचे जाड काप आणि बियरच्या दोन बाटल्या घेऊन यायचा. मास्टरांनी कधी काकडी कापून ठेवलीच तर ताटली दूर सारायचा. "हे गुरांचं खाणं. मला काय दूध द्यायचंय?" दोघं हसायचे. दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी तेवढंच हसू.

चार महिन्यांनी तीच पँट परत आली. या वेळी एक इंच.

"तब्येत कमावलीस की रे दादा," मास्टर म्हणाले.

"कसली तब्येत! थकवा येतो. दोन जिने चढलो तर धाप लागते. त्यात मूळव्याधीने पिडलंय, अधनंमधनं रक्त जातं. दिवसभर बसून बस हाकायची, पाणी कमी प्यायचं, मग होणारच."

मास्टर नुसतं "हं" म्हणाले आणि सुईत दोरा घालायला लागले.

तिसऱ्यांदा पँट आली तेव्हा आणखी दीड इंच घ्यायचं होतं. मधल्या शिलाईतून इतकं आत घेतलं की मागचे दोन्ही खिसे सरकत सरकत एकमेकांना भिडतात. मास्टरांनी खूण करून पाहिली तर दोन खिशांच्या मधल्या जागेत दोन बोटंही मावेनात. दादा समोर खुर्चीवर बसून सॉसेजचा कागद सोडत होता. त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. मास्टरांच्या तोंडावर शब्द आला होता, पण जीभ रेटेना. त्यांनी दोन्ही खिसे उसवले, बाजूला सरकवले, पुन्हा शिवले. काम इतकं सफाईचं झालं की दादा आरशात पाहून म्हणाला, "वा! नवीच वाटते."

त्यानंतर तीन आठवड्यांनी दादा डेपोत चक्कर येऊन पडला. मोठ्या आतड्याचा कर्करोग होता आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. पाच महिन्यांत दादा गेला.

ठमी शेवटचे दोन महिने येऊन राहिली होती. सगळं आटोपल्यावर ती वडिलांचे कपडे आवरायला बसली आणि मास्टर तिला पिशव्या धरून द्यायला लागले. ती पँट तिच्या हाताला आली. तिने ती सहज उलटी केली. आतल्या बाजूला कापडाची जाड घडी होती आणि घडीवर सुईच्या भोकांच्या ओळी. तिने बोट फिरवून मोजल्या.

"काका, ही तुम्हीच आत घेतलीत ना?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"हो."

"एका वर्षात?"

मास्टरांनी पुढची पिशवी उघडून धरली.

"खिसे हललेत," ठमी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "टेप तुमच्या हातात होती, काका. बाबा झिजत होते ते तुम्हाला इंचाइंचाने कळत होतं. आणि तुम्ही काय केलंत, तर खिसे हलवलेत. डॉक्टरकडे जा, एवढे दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

ठमीने पँटची घडी करून ती पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि तिचा फोन येणं बंद झालं.

पुढचा रविवार आला. मास्टर सवयीने दोघांपुरती सॉसेज घेऊन आले. एक वाजला, दोन वाजले. मग त्यांनी स्वतःचा वाटा खाल्ला आणि टाकवेना म्हणून दादाचाही खाल्ला. पुढच्या रविवारीही तेच. हळूहळू दोघांचं खाणं एकटे मास्टरच संपवायला लागले. रविवारी दुकान बंद ठेवण्यातही अर्थ उरला नाही, म्हणून ते उघडून बसायचे. गिऱ्हाईक येत नसे. चावीवाल्याचं शटर खाली. समोरच्या रस्त्यावरून माणसं सहकुटुंब जायची आणि मास्टर जुन्या शर्टांची बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत बसायचे.

हे असं दीड वर्ष चाललं. एका दुपारी एक बाई पांढऱ्या गणवेशाची चेन बदलायला आली. मास्टर माप लिहून घेत होते, ती त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"तुम्ही त्या बस ड्रायव्हरचे भाऊ ना? खिडकीजवळचा पलंग. मी त्याच वॉर्डात आहे."

मास्टरांनी मान हलवली.

"मग तुमची आतड्याची तपासणी केलीत का? सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी करून घ्यायची असते. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल तेव्हाच."

चिठ्ठी दिली होती. बटणांच्या डब्यात तळाला होती.

"करीन," मास्टर म्हणाले.

"करीन म्हणजे कधी? वजन वाढलंय तुमचं, तोंडही सुजल्यासारखं दिसतंय. खाता काय तुम्ही?" ओळख ना पाळख, बाई फाडफाड बोलत सुटली. "सोमवारी या. मी नाव लिहून ठेवते. आणि चेन घट्ट बसवा हो, मागच्या वेळी दोन महिन्यांत निघाली."

ती गेल्यावर मास्टर कितीतरी वेळ तिच्या गणवेशाकडे बघत बसले. वर्षभरात दादाशी आपल्याला जे बोलता आलं नाही, ते ही बाई चेन बदलून घेता घेता बोलून गेली.

कॅमेऱ्याची नळी आत घालून आतडं बघायचं होतं. त्या तपासणीच्या कागदावर एक रकाना होता. सोबत येणाऱ्याचं नाव. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे माणसाला एकट्याने घरी सोडत नाहीत. मास्टरांनी तो रकाना दोन दिवस रिकामा ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चावीवाल्याला विचारलं, तेही पाठमोरे उभे राहून, कुलपं बघत असल्यासारखं करून. चावीवाला तोंडाळ, पण मनाने मोकळा. म्हणाला, "त्यात काय! नाहीतरी माझ्याकडे कोण येतंय? चावी हरवणारीही माणसं राहिली नाहीत." आदल्या दिवशी मास्टरांनी ते पोट साफ करायचं खारट औषध कसंबसं रिचवलं, आणि सकाळी दोघं रिक्षाने गेले.

आतड्यात दोन कोंब निघाले, डॉक्टर ज्यांना पॉलिप म्हणतात ते. वाटाण्याएवढा एक, त्याहून लहान दुसरा. डॉक्टरांनी ते तिथल्या तिथे काढून टाकले आणि तपासायला पाठवले. आठवड्याने अहवाल आला. कर्करोग नव्हता.

"पण असेच राहू दिले असते तर?" मास्टरांनी विचारलं.

"काही नुसते राहतात, काही बिघडतात. बिघडायला वर्षं लागतात, दहा दहा वर्षं."

"दादाचाही असाच कोंब असणार?"

"बहुधा," डॉक्टर म्हणाले. "तीन वर्षांनी परत यायचं. घरच्यांना कळवा. आणि आता शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाई बसल्यात, त्यांना भेटून जा."

आहारतज्ज्ञ बाई वयाने ठमीएवढीच असेल. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन.

"काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

मास्टरांनी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"भाजी?"

"परवा बटाटा खाल्ला."

"फळ?"

मास्टरांनी बराच विचार केला. "जॅम," ते म्हणाले.

बाईने हसू दाबलं. मग पेन खाली ठेवून तिने नीट समजावलं. डब्यातलं, खारवलेलं, धुरावलेलं मांस, सॉसेज, हे सगळं बंद. लाल मांस आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही थोडं. बियर सुटली तर उत्तमच. कोंड्यासकट धान्य, डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, सालासकट फळं, दूध. "ज्याला आपण चोथा म्हणून हिणवतो ना, तोच आतड्याला लागतो. त्याने पोट साफ राहतं, मल आत रेंगाळत नाही, आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही तोच पोसतो. आणि रोज चालायचं."

"एवढं केलं की होणार नाही ना?"

"असं मी कुणालाच सांगत नाही. शक्यता कमी होते, बस. भाज्या खाणाऱ्यांनाही होतो, आणि वाटेल ते खाणारे काही जण ठणठणीत राहतात. म्हणून तपासणी चुकवायची नाही. घरी स्वयंपाक कोण करतं?"

"कोणी नाही."

"मग तुम्ही करायचा."

"एका माणसासाठी?"

"काका, एकट्या माणसालाही आतडं असतं," ती म्हणाली.

बाईने सांगितलं होतं की चोथा हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. पण मास्टरांनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पातेलंभर राजमा शिजवला आणि दोन्ही वेळा तोच चापून खाल्ला. दुसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं. गिऱ्हाईक समोर उभं असलं की मास्टर मुद्दाम मशीन जोरात चालवायचे. पलीकडून चावीवाला ओरडला, "मास्टर, आवाज मशीनचाच आहे ना?" कित्येक महिन्यांनी त्या दुकानात हसू ऐकू आलं.

मग ते मापात आले. मूठभर राजमा, रात्रीच भिजत घातलेला. वाटीभर डाळ. कोंड्याचा पाव. गाजरं त्यांनी अशी कापायला घेतली की एकेक तुकडा पट्टी लावून बघावा. अडचण झाली ती कोबीची. कोबी एका माणसासाठी जन्माला येतच नाही. सोमवारी कापलेला गड्डा शनिवारपर्यंत पुरायचा. सोमवारी परतलेला, मंगळवारी डाळीत, बुधवारी कच्चा, गुरुवारी पुन्हा परतलेला. शुक्रवारी मास्टर पातेल्याचं झाकण उचलून नुसते बघत उभे राहायचे. भाजीवाली अर्धा गड्डा द्यायला तयार नव्हती. "उरलेला अर्धा मी कुणाच्या गळ्यात मारू?" असं ती विचारायची, आणि तिचंही बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट घडली, जी कुठल्या चिठ्ठीत लिहिलेली नव्हती. पातळ डाळ मशीनवर बसून खाता येत नाही. कापडावर एक डाग पडला की गिऱ्हाईक गेलं. तेव्हा मास्टरांना टेबलावर जेवायला बसावं लागलं. मऊ पाव दोन घासांत पोटात जायचा, हा कोंड्याचा पाव आणि कच्चं गाजर चावता चावता जबडा दुखायचा. जेवण अर्धा अर्धा तास चालायचं. समोर दुसरी खुर्ची, खिडकीत पाइप, आणि कानात स्वतःच्याच चावण्याचा आवाज. इतकी वर्षं आपण एकटेच जेवतो हे मास्टरांच्या नीटसं लक्षातच आलं नव्हतं. एकदा त्यांनी ती खुर्ची दुकानात नेऊन ठेवली. पण मग खोली आणखीच रिकामी दिसायला लागली, म्हणून संध्याकाळी परत आणली.

घरच्यांना कळवा, असं डॉक्टर म्हणाले होते. घरचं म्हणजे ठमी. फोन करायला मास्टरांनी दोन महिने लावले.

"ठमे, काका बोलतोय."

"बोला."

"माझी तपासणी झाली. दोन कोंब निघाले, साधेच होते. काढले. डॉक्टर म्हणाले, तुलाही सांगावं."

"मी केली, काका. बाबा गेल्यावर तीनच महिन्यांत. काही निघालं नाही. पाच वर्षांनी परत बोलावलंय."

"बरं झालं."

"तुमच्यासोबत कोण होतं?"

"चावीवाला."

मास्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मागच्या दीड-दोन वर्षांत त्यांनी जे मनात शंभरदा जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. जे तोंडात आलं ते त्यांनी बोलून टाकलं.

"मला दिसलं होतं, ठमे. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा शंका आली. तिसऱ्यांदा भीती वाटली. विचारलं असतं तर त्याने खरं काय ते सांगितलं असतं. ते मला ऐकायचं नव्हतं."

मग ठमी म्हणाली, "मी त्या वर्षी एकदाच आले होते, काका. दोन दिवस. बाबा बारीक झालेत असं मलाही वाटलं होतं. सुट्टी संपली होती. गाडी चुकेल म्हणून निघाले."

दोघंही रडले नाहीत. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काय खाताय हल्ली?" मास्टरांनी कोबीची हकिकत सांगितली. तिने ती ऐकून घेतली.

त्यानंतर दर महिन्या-दीड महिन्याने तिचा फोन यायला लागला. पाच मिनिटांचा. काय खाल्लंत, चालायला जाता का, एवढंच. ती आली मात्र नाही. मास्टरांनीही ये म्हटलं नाही. तिच्या मनात काय आहे ते त्यांना कळत नव्हतं, आणि विचारून जे आहे तेही जाईल अशी धास्ती वाटायची.

तीन वर्षं गेली. मास्टरांचं वजन नऊ किलोंनी उतरलं आणि त्यांनी आपल्या पँटी स्वतःच आत घेतल्या. प्रत्येक इंच का कमी झाला हे या वेळी त्यांना ठाऊक होतं. मधल्या काळात चावीवाला दुकान विकून मुलीकडे राहायला गेला. जाताना मिठी मारून म्हणाला, "राजमा बेताने खा, मास्टर." त्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा आला. कानात सतत इअरफोनची बोंडं घातलेला, नमस्कार केला तरी ज्याला ऐकू जात नाही असा.

कागदावरचा रकाना पुन्हा समोर आला. मास्टरांनी ठमीचा नंबर काढला. पण तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, मागच्याच आठवड्यात ती म्हणाली होती. त्यांनी फोन खाली ठेवला आणि रुग्णालयात जाऊन विचारलं, "गुंगीचं औषध न घेता करता येतं का?"

"येतं. दुखेल मात्र. काही जण करतात."

"मग सोबत कोणी लागणार नाही ना?"

टेबलापलीकडच्या माणसाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "नाही लागणार," तो म्हणाला आणि त्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

दुखलं. नळी वळणावर आली तेव्हा तर पोट पिळवटून निघालं. पायाशी उभी असलेली नर्स सारखी "श्वास घ्या, सोडा" म्हणत होती. पण जागे असल्यामुळे मास्टरांना समोरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. गुलाबी, ओलसर, चकचकीत, उलट्या केलेल्या रेशमी अस्तरासारखं, घडीमागून घडी उलगडत जाणारं. आपल्या आत एवढं सुरेख काही आहे हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दुखणं विसरून ते बघत राहिले. शेजारी कोणी असतं तर त्यांनी त्याला कोपराने ढोसून दाखवलं असतं.

"एकदम स्वच्छ," डॉक्टर म्हणाले. "आता पाच वर्षांनी. खाण्यापिण्याचं काही वेगळं करता का?"

"करतो," मास्टर म्हणाले.

"चालू ठेवा. त्यामुळेच झालं असं ठामपणे नाही सांगता येणार, पण मोडू नका."

कपडे घालून मास्टर चालत घरी आले. दोन दिवस पोटात काही नव्हतं. त्यांनी डाळ शिजत टाकली, त्यात गाजर किसलं, पालकाची पानं तोडून घातली, आणि टेबलावर बसून दोन वाट्या सावकाश खाल्ल्या. ठमीला फोन लावला. तो वाजत राहिला. वर्गात असेल. मग त्यांनी भांडी घासली आणि शटर वर केलं.

लगेच एक बाई आली, हातात शाळेच्या गणवेशाचा सदरा. "कुठे होता सकाळपासून? दोनदा येऊन गेले मी."

"बाई," मास्टर म्हणाले, "माझी आज आतड्याची तपासणी होती. सगळं ठीक निघालं."

बाई गोंधळली. या शिंप्याकडे ती चार वर्षं येत होती, पण मापाखेरीज दुसरा शब्द कधी ऐकला नव्हता. "हो का?" ती म्हणाली. "बरं झालं मग." क्षणभर ती सदरा हातात धरून तशीच उभी राहिली. "बाही लांब करायचीय. मंगळवारपर्यंत होईल?"

"होईल," मास्टर म्हणाले, आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी बाही टेबलावर सरळ केली.